एकदाच वाजलेली बेल

माझी चूक एका ओळीची होती, आणि ती मी इतकी वर्षं पोटात ठेवली आहे. नवऱ्याला सांगितली नाही, मुलीला नाही. आता नात विचारते, "आजी, तू ऑफिसात नक्की करायचीस काय गं?" — तेव्हाही सगळं सांगते, ही तेवढी सोडून. तुम्हाला सांगून बघते.

अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही व्हर्च्युअल मशीन बनवायचो. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला खोटा कॉम्प्युटर. गंमत अशी, की आपण खोटे आहोत हे त्या बिचाऱ्याला कळता कामा नये. त्याचं नेटवर्क कार्डसुद्धा खोटं — ते मी लिहिलेलं. मी तेव्हा चाळिशीची, केस बॉब केलेले, आणि मुलुंडच्या बाजारात भाजी घ्यायलाही गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालून जायचे. जणू ते बघून दुधी स्वस्त मिळणार होता.

बाहेरून माहिती आली की कार्डाने आतल्या मशीनला हाक मारायची — त्याला इंटरप्ट म्हणतात. दारावरची बेलच म्हणा ना. आणि बेल ऐकून दार उघडायचं काम ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचं. तो लिहिला होता संगीताने. घाटकोपरची मुलगी, नोकरीत नवीन, अजून कायमही झाली नव्हती.

तर मशीन मधूनच मुकं व्हायचं. कार्ड म्हणे मी बेल वाजवली, ड्रायव्हर म्हणे मी ऐकलीच नाही. कोण खोटं बोलतंय? मी एक ओळ घातली — बेल वाजवताना आधी पडद्यावर तसं छापायचं. बग, म्हणजे ती चूक, गायब. ओळ काढली — पुन्हा हजर. आपण बघितलं की शहाणा, पाठ फिरवली की द्वाड. मला तर मजाच वाटत होती. मग मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, चूक कुठे आहे? आणि मी — जिला काहीही सापडलं नव्हतं ती मी — म्हणाले, "ड्रायव्हर बघा. दार उघडणारी झोपली असणार." सगळे हसले. संगीताही हसली, जरा उशिरा.

त्या शनिवारी मी आंघोळीला गेले होते आणि घरची बेल वाजली. दूधवाला असता तर एकदा वाजवून निघून गेला असता. पण त्या होत्या सासूबाई — दार उघडेपर्यंत बटणावरचं बोट न काढणाऱ्या. मी साबणासकट थबकले. माझं कार्ड सासूबाईंसारखं असायला हवं होतं, बोट दाबून धरणारं. मी लिहिलं होतं दूधवाल्यासारखं. आतलं मशीन क्षणभर बेल बंद ठेवून दुसऱ्या कामात असलं, की ती एकुलती एक टिंग वाया. छापायच्या ओळीने बेलला जरा उशीर व्हायचा, तोवर मशीन मोकळं झालेलं असायचं, म्हणून तेवढ्यापुरती ऐकू जायची. दार उघडणारी जागीच होती.

केवढा आनंद झाला म्हणून सांगू — त्या आनंदात संगीता आठवलीच नाही, असं लिहिणार होते. पण आठवली. सगळ्यात आधी तीच आठवली.

सोमवारी मी कार्डातली ती चुकीची ओळ बदलली, इतर किरकोळ साफसफाईत मिसळून, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी. मशीन सुरळीत चालू लागलं. त्याच आठवड्यात संगीताला ड्रायव्हरवरून काढून टेस्टिंगला बसवलं, आणि तिचं कायम होणं लांबलं. हे ठरलं तेव्हा मी त्या खोलीत होते. एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोलले? माझी नोकरी काही जाणार नव्हती. फार तर हसले असते — तेवढंच नको होतं का मला? मशीनमधलं कारण एका आंघोळीत सापडलं. हे अजून शोधते आहे.

त्या संध्याकाळी ती लिफ्टपाशी भेटली. बटणाचा दिवा लागलेला होता, तरी मी त्यावरचं बोट काढत नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मला कळलंय हां. माझी चूक तुम्हीच गुपचूप दुरुस्त केलीत ना? आणि कोणाला बोललात पण नाही. एवढं कोण करतं हो कोणासाठी?"