अण्णांची गाठ

अण्णा चहात आधी थर्मामीटरची तार बुडवत, मगच कप तोंडाला लावत. "अडुसष्ट. स्वल्प थांब," म्हणत समोरच्याचाही हात अडवत. यशवंतपूरच्या आमच्या छोट्या कारखान्यात शीतगृहांसाठी तापमान नियंत्रक बनत आणि शेवटची तपासणी निपाणीकडच्या ह्या अण्णांची. मी पुण्याहून आलेला नवा इंजिनिअर. त्यांच्या लेखी 'प्रोग्रॅमवाले पाव्हणे'.

सेन्सरवर त्यांचा भारी जीव. "तो बिचारा खरंच सांगतो रे. मधली वायर मसाला लावते." वायर लांब असली की तिचा स्वतःचा रोध आकड्यात मिसळतो, तापमान उगाच जास्त दिसतं. म्हणून साइटवर जेवढी वायर, तेवढीच टेबलावर जोडून तपासायची, हा त्यांचा नेम. वेटोळी ते स्वतः बांधत. दोन्ही टोकं आत खुपसून वर सुतळीची अशी गाठ मारत, की ती कापल्याशिवाय टोक हाती येऊ नये.

"अण्णा, लग्नाच्या गाठी तुम्हीच बांधायला हव्या होत्या."

"आधी तुझं ठरू दे की!"

आनेकलजवळच्या एका गुलाबांच्या शीतगृहाचं काम आलं. वायर पंधरा मीटर. अण्णांनी तेवढं वेटोळं बांधून दिलं आणि तपासणी माझ्यावर सोपवली. मला पुण्याची बस गाठायची होती. मी हातभर वायरीवर तपासणी उरकली.

"पूर्ण वायर लावलीस ना रे?"

"लावली, अण्णा."

माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

तिथं नियंत्रक चारच अंश दाखवत राहिला, खोली मात्र शून्याखाली गेली. गुलाब गोठून काळे पडले. आमच्या मालकांनी तपासणीचा कागद टेबलावर आपटला. "सही कोणाची?"

"माझी," अण्णा म्हणाले. मी बुटांकडे पाहत उभा राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तपासणी माझ्याकडे आली; अण्णा निवृत्त होईपर्यंत गोदामात बसले. मी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

गेल्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, त्यांच्या घरी गेलो. चहा आला, तार बुडाली.

"अण्णा, ती वायर मी लावलीच नव्हती."

"गोत्तु रे. ठाऊक आहे. तक्रार आली त्याच दिवशी तुझ्या टेबलाखाली वेटोळं बघितलं. माझी गाठ तशीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." अण्णांनी तार बाहेर काढली, आकडा पाहिला आणि कप माझ्याकडे सरकवला. "पी आता. गारच झालाय."