प्रत्येकाचं पेलाभर तेल

आमच्या वन्सं बोलायला लागल्या की नव्या माणसाला वाटतं, भांडण चाललंय. तसं काही नसतं. जीपच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय जडली आहे, ती आता स्वयंपाकघरातही जात नाही. मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं.

जीप मूळची मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी किल्ली मुलापुढे धरली. मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, ती तशीच धाकट्या बहिणीच्या हातात ठेवली. ह्यांना चढावर मळमळतं. तेव्हापासून टेकडीवरच्या वस्तीला सामान पोचवायचं आणि येताना कोणी आजारी असेल तर त्याला खाली आणायचं, हे वन्संचं काम. तिथे जायचा रस्ता म्हणजे दगड, चिखल आणि मध्येच अंगावर येणारा उभा चढ. वन्संचे यजमान शिंपी आहेत. आमच्याच पुढच्या खोलीत त्यांची मशीन असते. ते जीपला सवत म्हणतात, आणि सवतीच्या सीटची कव्हरं मात्र स्वतः शिवतात.

विव्हळणारी माणसं त्या वाटेने खाली आणताना वन्संच्या जिवाला घोर लागायचा. मला म्हणायच्या, "वहिनी, मला एकदा उलटं करायचंय. दवाखानाच वर न्यायचाय."

आणि तशी संधी आली. शहरातल्या दवाखान्याने ठरवलं की दर आठवड्याला एक परिचारिका औषधं घेऊन वस्तीवर जाईल. गाडी कोणाची घ्यायची हे बघायला दवाखान्यातल्या मोठ्या बाई स्वतः बसून वर जाऊन येणार होत्या. दुसऱ्याही एका गाडीवाल्याला विचारलं होतं, त्याची गाडी नवी. आमची जीप म्हातारी. आम्ही सगळेच धास्तावलो.

त्या धास्तीतून घरात तेलाची चर्चा सुरू झाली. इंजिनाचं तेल बदलायचं यावर एकमत होतं, कोणतं घालायचं यावर नव्हतं. मामंजींचं म्हणणं, जुन्या इंजिनाला घट्टात घट्ट तेल लागतं, त्यांनी जन्मभर तेच घातलं. हे सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतात. त्यांनी सगळ्यात महागाचं, नव्या गाड्यांचं पातळ तेल आणायचा हट्ट धरला. बहिणीसाठी काय कमी करायचं, असं त्यांचं मन. जेवताना घास हातात तसाच ठेवून बाप-लेक वाद घालत बसले.

वन्संनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, पातळ तेल नव्या इंजिनाला ठीक. आपलं इंजिन झिजलंय. तापल्यावर ते पाण्यासारखं होईल, तेलाचा दाब उतरेल, सांध्यातून गळेल. आणि बाबा, तुमचं घट्ट तेल पहाटेच्या गारठ्यात वरपर्यंत चढायलाच वेळ लावतं. तोवर इंजिन कोरडं फिरणार. मला दोन्ही वेळेला साथ देणारं हवं."

डब्यावर दोन आकडे असतात. पहिला तेलाचा थंडीतला घट्टपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा. वन्संनी पंधरा-चाळीस आणायला सांगितलं, आणि डब्यावर डिझेल इंजिनासाठी असं लिहिलेलंच. आदल्या दिवशी जुनं तेल काढून, गाळणी बदलून त्यांनी स्वतः नवं तेल भरलं. तेल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेला बरोबर टेकलं, तेव्हा हात पुसले.

सकाळी मोठ्या बाई आल्या. इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी, बोलणं मोजकं. वन्संही ठेवणीतला ड्रेस घालून तयार होत्या. पण गाडी काढण्याआधी पट्टी बघायची हा त्यांचा नेम, कोणीही खोळंबलं तरी. त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल खुणेच्या कितीतरी वर.

त्यांनी मागे वळून घराकडे बघितलं. आम्ही सगळे ओळीने पायरीवर उभे होतो.

"कोणी?" एवढंच विचारलं. हळू विचारलं, म्हणून जास्त भीती वाटली.

मामंजी खाकरले. उभ्या चढावर तेल एका बाजूला पळतं, म्हणून पेलाभर जास्तीचं घातलं, म्हणाले. त्यावर ह्यांचा चेहरा पडला. ह्यांनीही नेमकं त्याच विचाराने पेलाभर ओतलं होतं. दोघे एकमेकांकडे बघत असताना शिंपीबुवा हळूच म्हणाले, "शिवणात थोडं कापड आत सोडतात ना, माया म्हणून, तसं मीही…"

मी तेल घातलं नव्हतं. मी फक्त देवाला हात जोडले होते, ते पट्टीवर दिसत नाही.

"एवढ्याने काय होतंय, निघ," हे पुटपुटले. बाई ताटकळत होत्या, नव्या गाडीचा मालक कोपऱ्यावरच उभा होता. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी बघितलं. पण त्यांनी किल्ली खिशात टाकली. "जास्त झालं की आतला दांडा तेल घुसळतो. फेस होतो, त्याने वंगण होत नाही. फेसावर मी कोणाला चढ चढवणार नाही."

आणि ठेवणीतल्या ड्रेससकट त्या जीपखाली शिरल्या. शिंपीबुवांनी मशीनवरचं जुनं कापड आणून पाठीखाली सरकवलं. मी घमेलं दिलं. त्यांनी खालचा नट सैल केला, तेल सोडलं, घट्ट केला. मामंजी पट्टी ओढून सांगायला पुढे झाले, पण चष्मा घरात राहिला होता. शेवटी पट्टी बघायला मोठ्या बाईच वाकल्या. "अजून थोडं वर आहे," म्हणाल्या. मग परत, "आता खुणेवर." त्यांच्याही बोटाला तेल लागलं. ते त्यांनी शिंपीबुवांच्या कापडाला पुसलं.

वन्सं बाहेर आल्या तेव्हा पाठीवर मोठा काळा डाग होता. बाईंची माफी मागायला लागल्या, उशीर झाला म्हणून.

"मला घाई नाही," बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला माझ्या हाताखालची एक पोरगी तुमच्या शेजारी बसणार आहे. तिला घरी सुखरूप कोण आणतं ते बघायला मी आले होते." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

जीप वर गेली आणि परतही आली. येताना बाईंच्या मांडीवर वस्तीवरच्यांनी दिलेली फुलं होती. त्या वन्संशी मोठमोठ्याने बोलत होत्या. घरघरीची सवय त्यांनाही लागली असावी.

आता दर आठवड्याला परिचारिका वर जाते. शिंपीबुवांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी बांधून ठेवली आहे. तिच्यावर लाल दोऱ्याने सुबक अक्षरात शिवलंय: "तेल भरलेलं आहे. माया करू नये."

मामंजी ती रोज वाचतात. चष्मा लावून.