ऑक्सिजनच्या दोन खोल्या

मुलुंडला आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटायचे आणि चष्म्यावरून बघायचे.

मी केमिस्ट्रीची नवीन मॅडम. मॉलिक्युलर ऑर्बिटलच्या, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन कुठल्या चौकोनात बसतात त्याच्या, नोट्स देऊन म्हटलं, "साठ कॉपी." मागे माझेच विद्यार्थी उभे होते.

ऑक्सिजनची आकृती बघून काका ओरडले, "मशीन बंद! पोरांनो, चहा पिऊन या." मुलं गेल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, वरच्या दोन खोल्यांत एकेक इलेक्ट्रॉन राहतो. तुम्ही दोघांना एकाच खोलीत कोंबलंत."

मी ओशाळून आकृती सुधारली. "काका, केमिस्ट्री शिकलात?"

"छे! वीस वर्षं हेच चित्र छापतोय. तुमचंच वेगळं दिसलं."

"आणि बाकीचे सगळे चुकले असते तर?"

"तर तुम्हालाच चूक म्हटलं असतं ना!"