उंच दाराचा पिंजरा

समुद्र दिसावा म्हणून एका रिसॉर्टवाल्याने किनाऱ्यावरची सुरूची झाडं तोडली. समुद्रगरुडाचं घरटं खाली आलं आणि पिल्लाचा पंख मोडला. हा सरळ गुन्हा आहे, आणि आमच्या निसर्गमंडळाच्या पत्रकात मी तसंच छापलं. वनखात्याच्या आवारात पिल्लासाठी पिंजरा बांधायला बुरोंडीहून होड्या बांधणारे एक सुतारकाका आले. त्यांनी दार थेट छतापर्यंत उंच केलं.

“काका, डॉक्टर म्हणतात हा उडणार नाही. मग एवढं दार कशाला?” मी विचारलं.

पेन्सिल कानावर खोचत ते म्हणाले, “बाय, बरां झालां की तां उडत भायेर जाईल. वाकून जायला तां काय भाडेकरू हाय?”

गरुड अजून उडालेला नाही. काका मात्र बाजाराला आले की डोकावतात आणि खाऱ्या हवेने दार अडू नये म्हणून बिजागऱ्यांना खोबरेल लावून जातात.