खुर्चीचं वय सांगणारे काका

"तुम्ही जरा गप ऱ्हावा. तिला बोलू द्या."

जुनी खुर्ची दाखवणाऱ्याने तिचा इतिहास सांगायला तोंड उघडलं, की काका हे वाक्य हमखास टाकत. तिला म्हणजे खुर्चीला. मग चष्मा कपाळावर चढवून ते खुर्ची उलटी करत आणि तिच्या पोटाखाली डोकं घालत. अलिबागच्या आसपास मुंबईकरांचे बंगले वाढले तसा जुन्या लाकडी सामानाचा शौकही वाढला, आणि आयुष्यभर सुतारकाम केलेले आमच्या सगळ्या गावाचे काका आपोआप तज्ज्ञ होऊन बसले.

एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना आपली पोर्तुगीज खुर्ची मोठ्या अभिमानाने दाखवली. काकांनी सांगितलं, ही तुमच्या धाकट्या मुलीपेक्षा लहान आहे. बाईंनी चहा दिला नाही. घरी येताना काका वाटभर त्या चहाबद्दल हळहळत होते. थोडं खोटं बोललो असतो तर मिळाला असता, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, त्याच्यापुढे आपण हात टेकतो.

मी थळजवळच्या आमच्या गावात वाचनालय सांभाळते. तिथे रुंद हातांची एक जुनी खुर्ची होती. कुणा इंग्रज साहेबाची, असं सगळे सांगत. एका बंगलेवाल्याच्या ती मनात भरली. साहेबाची खुर्ची द्या, मी तीन लोखंडी कपाटं देतो, असं तो म्हणाला. आमची निम्मी पुस्तकं खोक्यांत पडून होती आणि दोन खोक्यांना वाळवी लागली होती. खरं सांगते, मला ती कपाटं हवी होती. आमचे अध्यक्ष नाखवा, दोन होड्यांचे मालक, तेही लगेच तयार झाले. साहेबाची खुर्ची ठेवून आपल्याला काय करायचंय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. बंगलेवाल्याची एकच अट होती, खुर्ची खरोखर त्या काळातली आहे असं जाणत्या माणसाने सांगावं. आणि जाणता माणूस म्हणजे काका.

ते आले, खुर्ची उलटी झाली. पायाच्या टोकाला पटाशीने बारीक ढलपी काढून त्यांनी उन्हात धरली. "साग हाय. शंभराच्या पुढचा." बंगलेवाला खूश झाला. मी तर कपाटं कुठल्या भिंतीला लावायची तेही ठरवून टाकलं.

पण काका उठेनात. खुर्चीच्या हातांवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला. हातांच्या खालच्या अंगाला ओळीने भोकं होती, खुंट्या मारून बुजवलेली. तिथे खिळ्यांचं काहीच काम नव्हतं. मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने खुर्चीचा एक हात खसाखसा घासला, गरम झाला तसं नाक लावलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मीही खुर्ची सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

"बाई, वास घ्या."

मी घेतला. अगदी पुसट, पण मासळीच्या तेलाचा.

पूर्वी होड्यांना हेच तेल चोपडत. म्हणजे हे लाकूड आधी समुद्रावर फिरलं होतं. काका आता भराभर बोलायला लागले आणि आम्ही सगळे खुर्चीभोवती उकिडवे बसलो. हातांना बाक होता, पण तो कापून काढलेला नव्हता, लाकडाच्या रेषाच बाकाबरोबर वळत होत्या. असं वाकडं वाढलेलं लाकूड शोधून नाळेला लावतात, होडीच्या पुढच्या टोकाला, नारळी पुनवेला जिची पूजा होते तिला. बैठक मात्र फणसाची, आणि तिला कारखान्यातले स्क्रू. लाकूड पणजोबाचं, खुर्ची बापाच्या वयाची.

"मीच फसलो व्हतो," काका म्हणाले. "लाकडाचं वय मी खुर्चीला लावलं. ही साहेबाची न्हाय."

मला वाटलं, खुर्चीच्या पायावरच थांबले असते तर काय बिघडलं असतं! माझी तिन्ही कपाटं डोळ्यांसमोरून चालली होती. मी थोडी चिडलेही.

काकांचं लक्षच नव्हतं. सगळी खुर्ची सागाची असून बैठकच तेवढी फणसाची का, हे कोडं त्यांना सोडवायचं होतं. त्यांनी नाखवांना विचारलं, "होडी मोडली तर तिच्या नाळेवर तुमी बसाल?"

नाखवांनी जीभ चावली. "तिला पाय लागला तरी आमी पाया परताव."

"मंग ज्यानं ही केली त्यालाबी ते ठावं व्हतं. बसायला दुसरं लाकूड घेतलं. नाळ हात ठेवायला लावली."

नाखवा पुढे झाले, खुर्ची सरळ केली आणि तिच्या हातावर तळवा ठेवून उभे राहिले. मी चिडले होते तेही विसरले. "ही कुठं जानार न्हाय," नाखवा म्हणाले. बंगलेवाला भला माणूस होता, त्याने वाद घातला नाही. कपाटं मात्र गेली.

आठ दिवसांनी टेम्पो भरून काका दारात हजर. टेम्पोत मोडलेल्या बंगल्यांची जुनी दारं होती. "तुमची कपाटं माझ्यापायी गेली," एवढंच म्हणाले आणि व्हरांड्यात कामाला बसले. पहिलं कपाट झालं, दुसरं झालं. वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल त्यांनी स्वतः लाकडाला पाजलं. तिसऱ्याच्या फळ्या बसवल्या आणि दारं सोमवारी लावतो म्हणून गेले. रविवारी दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या कपाटाला अजून दारं नाहीत. नाखवांनी दुसरा सुतार बघू का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हटलं. उघड्या पुस्तकांवर धूळ बसते, ती मी रोज पुसते.