सागरगोटीचं कुंपण

नांदगाव खंडेश्वरजवळ पंचफुलाबाईच्या वावराला सागरगोटीचं काटेरी कुंपण होतं. नवरा बुधाजी ते दरवर्षी छाटायचा. साठ साली तिथंच त्याला नाग चावला आणि तो गेला. मग कोणी कोयता लावला नाही. कुंपण वाढत वावरात शिरलं, रानडुकरं त्यात राहून ज्वारी फस्त करू लागली.

"जाळून टाका, वयनी," दीर शेषराव म्हणाला.

"जाळलं तं डुकरायले अडवीन कोन?"

त्या हिवाळ्यात तिनंच कोयता उचलला. प्रत्येक जाळीवर आधी काठी आपटायची, कान द्यायची, मग गुडघ्याएवढं राखून छाटायची. पान हललं तरी मागं सरायची. घरी जेवायला बसली तरी जीव थाऱ्यावर नसायचा.

एका दुपारी जाळीतून खरंच नाग निघाला. शेषराव काठी घेऊन धावला. तिनं त्याचा हात धरला.

"जाऊ द्या त्याले, भाऊजी. आजवर मले हरेक पानात दिसे. आता एका जागी दिसला."

नाग नाल्याकडे गेला. ती पुन्हा कोयता घेऊन उरलेली जाळी तोडायला वळली.

पावसाळ्यात कुंपणाला बुडापासून दाट फूट आली. त्या वर्षी ज्वारी घरात आली. पंचफुलाबाई मात्र रोज सकाळी कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारून यायची, त्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.