टायकिळ्याचा सोमवार

आमची थोरली जाऊ शेवंतीवयनी कशाला म्हणून भीत नाही, असं मी कोरगावभर सांगत फिरायचे. खोटं नव्हतं ते. फरशीखालून फुरसं निघालं तर ही बाई विळ्याच्या टोकाने त्याला बाजूला सारायची आणि वर म्हणायची, "जा बाबा, तुझं तू बघ, माझं मला करू दे." मी असते तर विळा टाकून थेट पेडणे गाठलं असतं.

ही फरशी आमची नव्हे हो. आमच्या अंगणाला शेण पुरतं. ही फरशी विलाची. आमच्या वाड्यातल्या घरांच्या वर काजूची बाग तोडून बांधलेला तो बंगला. मालक दिल्लीचे, वर्षातून पंधरा दिवस येणार, बाकीचे दिवस पाहुण्यांना भाड्याने. मागच्या दारी मोठं फरसबंद अंगण केलंय आणि त्या फरशांच्या फटींत गवताची काडी दिसलेली मालकीणबाईंना खपत नाही. आता गोव्यात पावसाळ्यात गवत येणार नाही तर काय येणार? दगडावर येतं, कौलावर येतं, माणूस दोन दिवस एका जागी बसला तर त्याच्यावरही येईल. तर ते काढायला सोमवारी आणि गुरुवारी वयनी जायची. सहा वर्षं झाली.

गुडघ्याखाली पोत्याची घडी, हातात मोडक्या विळ्याचं टोक, बाजूला बाल्दी. आधी फटीत पाणी सोडायचं, मग गवत बुडाशी धरून जरासं पिळायचं आणि हळू ओढायचं. मी एकदा मदतीला गेले होते. तासाभरात कंबर धरून बसले, आणि मी काढलेल्यातली निम्मी मुळं फटीतच राहिली. माझ्या मागून सरकत येऊन वयनीने सगळं परत काढलं. हा तिचा स्वभाव. चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

कुठल्या फटीत काय उगवतं ते तिला तोंडपाठ. स्वयंपाकघराच्या दाराशी लव्हाळा, पोहायच्या टाकीकडे हरळी, पायऱ्यांशी काटेरी लाजरी, आणि विहिरीच्या कडेला ओल असते तिथे टायकिळा. टायकिळा हे दिल्लीवाल्यांचं तण आणि आमची आषाढातली भाजी. कोवळे शेंडे खुडायचे, फणसाच्या आठळ्या घालायच्या, वर ओलं खोबरं. वर्षातून चार वेळा तरी पोटात गेलीच पाहिजे म्हणतात. वयनी बाकीचं गवत गोठ्यामागे टाकायची आणि टायकिळा पदराला बांधून घरी आणायची.

विलावर राखणदार म्हणून गणेश होता, बांद्याकडचा. भला पोरगा, पण आळशी. "काकी, कशाला गुडघे झिजवता? औषध मारलं की आठ दिवसांत सगळं करपून जाईल," असं तो दोन वर्षं म्हणत होता. वयनीने एकदा त्याला असं झापलं की विचारू नका. "विहिरीकडे औषध मारलंस तर तो पंप तुझ्याच टाळक्यात घालीन! मी त्या विहिरीचं पाणी पिते." गणेश हसला, विषय संपला.

संपला असं आम्हाला वाटलं.

गेल्या वर्षी आषाढात आमची सून गौरवी सातव्या महिन्यात होती. सून वयनीची, पण वाढवली दोघींनी मिळून म्हणा ना. आमची घरं एका भिंतीची. दोन वर्षांपूर्वी चौथ्याच महिन्यात तिचं पोटातलं गेलं होतं. तेव्हापासून वयनीचा मुलगा साईश घरात हळू बोलायला लागला. या खेपेला वयनीने सोळा सोमवार धरले. दिवसभर पाणी, संध्याकाळी पूजा करून मगच जेवण. तो सोमवार बारावा.

सकाळी ती विलावर गेली तेव्हा गणेश नव्हता, गावी गेला होता. किल्ली नेहमीच्या कुंडीखाली. ती अकराला टायकिळा घेऊन घरी आली, भाजी केली, स्वतः उपाशी. गौरवी आणि मी जेवायला बसलो. पोरीला वास आवडला. तिने एकदा घेतली, आणि दुसऱ्यांदा मी वाढली. "दोन जिवांची तू, खा गे पोटभर," असं माझंच हे तोंड म्हणालं. मीही वाटीभर खाल्ली.

दोन वाजता वयनीचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन मोठ्याने लावते, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. गणेश होता. "काकी, या आठवड्यात येऊ नका. काल पाऊस थांबला तेव्हा मी फरशीवर औषध मारलंय. गवत आपोआप..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. फोन वयनीच्या हातातून मांडीवर पडला. गणेश आतून "हॅलो, हॅलो" करत होता, मग बंद झाला. गौरवीने हळूच पोटावर हात ठेवला आणि आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायला लागली. त्या पोरीची ती नजर मी अजून विसरले नाही. आणि खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते, पहिली मी माझीच नाडी धरली होती.

फुरशाला न भिणारी वयनी जनेलाचा गज घट्ट धरून बाहेर बघत उभी राहिली. मीच साईशला फोन केला. तो विमानतळावर टॅक्सी चालवतो, वीस मिनिटांत आला. गौरवीला गाडीत घातली. मी म्हटलं, "वयनी, चल." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून." मला राग आला. असल्या वेळी कोणी मागे राहतं? पण भांडायला वेळ नव्हता.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण अगदी तरुण, पण डोक्याने थंड. तिने गौरवीला निजवलं, बाळाचे ठोके बघितले, म्हणाली आत्ता तरी ठीक आहेत. मग विचारलं, "औषध कुठलं?"

कोणाला माहीत कुठलं!

"हे बघा, काही औषधं एवढ्यातेवढ्याने काही करत नाहीत, काही फार वाईट असतात. मला नाव हवं. डबा आणा. आणि भाजी उरली असेल तर तीही आणा."

साईशने गणेशला अकरा वेळा फोन लावला. लागेना. वयनीला लावला, ती उचलेना. बायकोला सोडून साईशचा पाय निघेना, म्हणून मीच बाहेर येऊन भाड्याचा पायलट केला. कधी नाही ती मोटरसायकलवर मागे बसले, आणि त्या पायलटवाल्याला वाटभर ओरडत होते, "मार मरे गाडी जोरात!" पावसाचे थेंब सुयांसारखे तोंडावर. मनात एकच चाललेलं. दुसऱ्यांदा कोणी वाढली? मी वाढली.

घरी पोचले तर वयनी मागच्या पडवीत बसलेली. पुढ्यात भाजीचं टोप, घासून लख्ख केलेलं, पालथं घातलेलं.

माझा संताप असा उसळला! "शिरा पडली तुझ्या घासण्याला! डॉक्टरणीला ती भाजी हवी होती. तू धुऊन टाकलीस?"

"टाकली नाही," ती म्हणाली. "खाल्ली."

मला कळेचना. "कोणी खाल्ली?"

"मी. सगळी."

मी तशीच ओल्या कपड्यांनी तिच्यासमोर खाली बसले. अर्धं टोप भाजी होती ती. "अगो, तुझा सोमवार! बारावा होता!"

"सोमवार कोणासाठी धरला होता गे?" तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, नुसती भीती होती. "माझ्या हातची खाल्ली तिने. तिला काही झालं आणि मी धडधाकट राहिले, तर साईशला तोंड कसं दाखवू? आणि मला जर आधी काही झालं, तर डॉक्टरांना कळेल तरी की पुढे काय होतं, कसं होतं. मी पावणेतीनला खाल्ली. घड्याळ बघून खाल्ली."

मी तिचा हात धरला, तिला उठवलं, पायलटवर मध्ये बसवली, मागे मी. तीन माणसं एका गाडीवर, पोलिसाने धरलं असतं तर त्यालाच दवाखान्यात नेला असता.

डॉक्टरणीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. वयनीला गौरवीच्या बाजूच्या खाटेवर निजवलं, मला स्टुलावर बसवलं. आता आम्ही तिघी. वयनी छताकडे बघत पडली होती, आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "किती वाजले?" गौरवी म्हणायची, "आई, मला काही होत नाहीये." तरी पुन्हा तेच. माझं म्हणाल तर पोटात साधा वायू फिरला तरी मला देव आठवत होते.

साडेचारला गणेश आला. गावाहून गाडी काढून, विलावरून डबा घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलात. रेंज आल्यावर साईशचा फोन लागून त्याला सगळं कळलं होतं. मी त्याला मेल्या म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरणीने डब्यावरचं नाव वाचलं. तिचा चेहरा उतरला, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं.

गणेश वयनीच्या खाटेशी उकिडवा बसला. "काकी, टायकिळा कुठला काढलात?"

वयनीने डोळे मिटले. तिचे हात पांघरुणावर हलायला लागले. मला वाटलं, झालं, सुरुवात झाली! मी डॉक्टरणीला हाक मारणार तेवढ्यात कळलं. बोटं फिरत होती तशीच, जशी फटींतून फिरतात. धरायचं, पिळायचं, ओढायचं.

"दाराशी लव्हाळा होता," ती पुटपुटली. "टाकीकडे हरळी. पायऱ्यांशी लाजरी, ती मी काढलीच नाही आज. टायकिळा विहिरीकडचा."

"सगळा?"

"सगळा. दुसरीकडे येतच नाही तो."

गणेशने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तो ढसाढसा रडायला लागला. "विहिरीकडच्या तीन ओळी मी सोडल्या काकी. दगड लावून ठेवले होते मी तिथे, पंप पुढे जाऊ नये म्हणून. तुम्ही पंप टाळक्यात घालीन म्हणाला होतात ना!"

वयनी उठून बसली. "होते," ती म्हणाली. "दगड होते. मीच बाजूला केले."

डॉक्टरणीने तरी आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोडलं नाही. कोणाला काही झालं नाही. वयनीचं पोट तेवढं बिघडलं, अर्धं टोप टायकिळा खाल्ल्यावर बिघडणारच. पुढच्या सोमवारी तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. नववा सोमवार पुरा व्हायच्या आत घरात नात आली, तरी तिने सोळाही पुरे केले.

विलावर ती अजून जाते. टायकिळाही आणते, बंद केला नाही. परवा यंदाचा पहिला आणला. सकाळी भाजी केली, एकटीने ताटात घेतली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत खाल्ली. मग उंबऱ्यावर येऊन बसली. घड्याळ समोर. आम्ही भात-आमटी जेवलो. टोपावर झाकण. नात रांगत रांगत टोपाकडे निघाली तशी गौरवीने तिला उचलून मांडीवर घेतलं.

पाच वाजता वयनी उठली, आपले हात उलटसुलट करून बघितले, आणि म्हणाली, "वाढा आता गौरवीला."